रांगतं बाळ आणि घर : किट मागवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर टू-बीएचके, बाळ साडेआठ महिन्यांचं, नुकतंच रांगायला लागलंय. सासू-सासरे सोबत राहतात. आईने ऑनलाइन एक ‘बेबी सेफ्टी किट’ पाहून ठेवलंय : टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचा फोम, सॉकेटच्या टोप्या, ड्रॉवरची कुलपं, दाराचे स्टॉपर. सासूबाईंचं म्हणणं, ‘आमची तीन पोरं अशीच वाढली, लक्ष असलं की झालं.’ दिवाळीला सगळे सातारा जिल्ह्यातल्या गावी जाणार आहेत. किट घ्यावं का, आणि आणखी काय करावं?

किट आत्ता मागवू नका. त्यातल्या दोन वस्तू उपयोगाच्या आहेत, त्या पुढे सांगते. पण तो फोम बाळ दोन दिवसांत ओढून काढतं आणि त्याचा तुकडा तोडून तोंडात धरतं. सॉकेटच्या सुट्या टोप्यांचंही तेच. टेबलाचा कोपरा लागला तर टेंगूळ येतं, बाळ घर डोक्यावर घेतं, आणि टेंगूळ जिरून जातं. जिल्ह्याच्या गावी मुलांचा दवाखाना चालवताना रात्री-अपरात्री ज्या मुलांसाठी मला धावावं लागलं, ती कोपरा लागलेली नव्हती. बादलीत पडलेली होती, चहाने भाजलेली होती, दाणा श्वासनलिकेत अडकलेली होती, आजोबांच्या गोळ्या खाल्लेली होती. यातल्या कशालाही किटचा उपयोग नाही. वस्तूंच्या जागा बदलाव्या लागतात. त्याला एक दुपार पुरते आणि घरातल्या सगळ्यांचा होकार लागतो. दुपार मिळते, होकार मिळवणं जड जातं.

म्हणून आधी सासूबाईंबद्दल. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ज्या घरात ती तीन पोरं वाढली ते घर वेगळं होतं. जमिनीलगतचं, ओसरीवर दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं. त्या घरात रिमोटमधल्या गोल चपट्या बॅटऱ्या नव्हत्या, डासांच्या लिक्विडचं मशीन नव्हतं, उशाशी शुगरच्या गोळ्यांची पिशवी नव्हती. आणि त्या काळात वाड्यातलं एखादं पोर हौदात गेलं असेल, तर ती गोष्ट आज कुणी काढत नाही. जी वाढली त्यांचीच उदाहरणं दिली जातात. हे सगळं त्यांना ऐकवायची गरज नाही. त्यांना सोबत घेऊन घर लावा. बाळाजवळ सगळ्यात जास्त वेळ त्याच असणार आहेत.

‘लक्ष ठेवू’ यावर माझा विश्वास फार कमी आहे, आणि तो कुणाच्या आळसामुळे कमी झालेला नाही. अपघात झालेल्या मुलाची आई मला जवळजवळ नेहमी हेच सांगते : ‘आत्ता तर इथं होता.’ ती खरं बोलत असते. दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, फोन आला, अर्धा मिनिट. घरात एकटी आई असते तेव्हा ती सावध असते. पाहुणे आले की सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणजे कुणाचंच नसतं. तेव्हा जे एकदा हलवून किंवा बंद करून मिटतं, ते कुणाच्या लक्षावर सोडायचं नाही. उरेल तेवढ्यासाठी लक्ष पुरतं.

घर लावताना बाळ आज काय करतं ते पाहू नका, पुढच्या महिन्यात काय करेल ते पाहा. तुमचं बाळ लवकरच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत बारीक वस्तू उचलायला लागेल, मग धरून उभं राहील. वर्षाच्या मागेपुढे चालेल. दीड वर्षाचं झालं की खुर्ची ओढत नेऊन तिच्यावर चढेल. एकदा तुम्ही किंवा बाळाचे बाबा गुडघ्यांवर येऊन सगळ्या खोल्यांतून खरोखर रांगत फिरा. सोफ्याखालचं नाणं, पलंगाच्या पायाशी पडलेली गोळी, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, टीव्हीच्या मागचं एक्स्टेन्शन बोर्ड : उभ्याने यातलं काही दिसत नाही.

आता पाणी, कारण ते सगळ्यात शांतपणे घात करतं. वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलाचं डोकं धडाच्या मानाने जड असतं. ते बादलीची कड धरून उभं राहतं, आत डोकावतं, आत तरंगणाऱ्या मगाकडे हात नेतं आणि तोल पुढे जातो. पाय जमिनीवरून सुटतात. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत स्वतःला मागे ढकलण्याइतकी ताकद त्याच्या हातांत नसते आणि भरलेली बादली जड असल्यामुळे उलटतही नाही. ओरडणं नाही, धडपडीचा आवाज नाही, कारण नाक-तोंड पाण्यात असतं. दोन इंच पाणीसुद्धा एवढ्याला पुरतं. आपल्याकडे ‘पाणी येणार नाही’ म्हणून बादल्या भरून ठेवायची सवय आहे आणि उन्हाळ्यात ती सुटणार नाही, हे मलाही माहीत आहे. तर साठवण झाकणाच्या पिंपात करा, आणि ते झाकण फिरवून किंवा दाबून बसणारं हवं. नुसतं वर ठेवलेलं ताट चालणार नाही. बाकीच्या बादल्या वापरून झाल्या की पालथ्या. ड्राय बाल्कनीत भिजत घातलेल्या कपड्यांची बादली लोक विसरतात, आणि तिथे साबणाचं पाणीही असतं. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक साधी कडी बसवून घ्या. सुताराचं दहा मिनिटांचं काम आहे. या संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

बाळाला टबात बसवून टॉवेल आणायला जायचं नाही, फोनही घ्यायचा नाही. जायचंच असेल तर बाळ काखेत.

भाजण्याच्या बाबतीत लोकांचं लक्ष शेगडीवर असतं. लहान मुलं मात्र जास्त करून ओट्यापासून दूर भाजतात : मांडीवर बाळ आणि हातात चहा, खाली जमिनीवर ठेवलेलं आमटीचं पातेलं, आंघोळीचं कढत पाणी. लहान मुलाची कातडी पातळ असते. आपण फुंकर मारून पितो तो चहा, ओतून दहा-पंधरा मिनिटं झालेला असला तरी, तिला भाजू शकतो. नियम एकच ठेवा : गरम पेय हातात असताना बाळ मांडीवर नाही, मग ते आजोबा असोत की पाहुणे. जमिनीवर जेवायला बसत असाल तर पातेली मधोमध न ठेवता उंचावर ठेवा आणि तिथून वाढा. टेबलावर कापड घालायचं काही वर्षं सोडून द्या. बाळ कापडाचं टोक ओढतं आणि वरचं सगळं त्याच्या अंगावर येतं. ओट्यावर कढई-पातेल्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवून, शक्यतो मागच्या बर्नरवर.

आंघोळीचं पाणी भरताना आधी गार, मग गरम. उलट केलं तर मधला दोन मिनिटांचा काळ बादलीत नुसतं कढत पाणी असतं, आणि रांगतं पोर नेमकं तेव्हाच पोचतं. गीझरचं तापमान कमी-जास्त करायची सोय असेल तर ते ५० अंशांच्या खाली आणा. ६० अंशांच्या पाण्याने मुलाला खोल भाजायला पाच सेकंदही लागत नाहीत. आणि बादलीत सोडायचा तो हीटरचा रॉड लहान मूल असलेल्या घरातून काढूनच टाका. त्यात उकळतं पाणी आहे, विजेचा धक्का आहे आणि ओढता येईल अशी वायरही आहे. तिन्ही एकाच बादलीत.

भाजलंच तर नळाचं वाहतं, साधं गार पाणी २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं, कारण रडणाऱ्या बाळाबरोबर तीन मिनिटंही वीस वाटतात. कपडे, वाळे, बिंदल्या लगेच काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ते ओढू नका. बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळून उबदार ठेवा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद-तूप नाही. या सगळ्याचा लेप लावून आलेली जखम आधी खरवडून धुवावी लागते आणि त्यात पोराचे जे हाल होतात ते पाहवत नाहीत. पाण्यानंतर स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैलसर टाका आणि दवाखान्यात या.

तोंडात जाणाऱ्या वस्तूंमध्ये आपल्याकडचा पहिला गुन्हेगार शेंगदाणा. त्याच्या मागोमाग चणे-फुटाणे, सुपारीचं खांड, सीताफळ-चिकूच्या बिया, चिंचोका, खोबऱ्याचा तुकडा. या मुलांना पुढचे दात येतात, दाढा नसतात. दाणा चावून फोडता येतो, दळता येत नाही, आणि हसताना किंवा पळताना तो अर्धा दाणा श्वासाबरोबर आत जातो. जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो, मग मूल शांत होतं आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. पण दाणा फुप्फुसाच्या एका नळीत जाऊन बसलेला असतो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. आठ-दहा दिवस खोकला, मग ‘दमा आहे का?’, मग एका बाजूला न्यूमोनिया. खोकल्याच्या मुलाला तपासताना मी ‘दाणे खाताना ठसका लागला होता का?’ हे मुद्दाम विचारते, कारण कुणी आपणहून सांगत नाही. असा ठसका लागून गेला असेल आणि त्यानंतर खोकला किंवा घरघर सुरू झाली असेल, तर डॉक्टरांना हा प्रसंग आठवणीने सांगा. दुर्बिणीने दाणा काढता येतो. अख्खा दाणा चार वर्षांपर्यंत देऊ नका. आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट असतंच, तेच द्या. द्राक्षं उभी चिरून, गाजर शिजवून.

अडकलंच तर काय करायचं ते आज बाहुलीवर करून पाहा, सासूबाईंनाही दाखवा. मूल जोरात खोकत असेल, रडू शकत असेल, तर खोकू द्या. तोंडात बोट घालून चाचपडू नका, त्याने वस्तू आणखी आत जाते. आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा तळहातावर धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षावरच्या मुलाला पाठीवरच्या थापांनंतर, मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे झटके. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा. बाळाला पाय धरून उलटं टांगून हलवू नका.

गोल चपटी बॅटरी, जी रिमोटमध्ये, वजनकाट्यात, बोलणाऱ्या खेळण्यांत आणि दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणत्यांमध्ये असते, ती मी शेंगदाण्यापेक्षाही घातक मानते. घशात अडकली की ओल्या आवरणाशी तिचा प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. बॅटरी संपलेली असली तरी हे होतं. एक्स-रेमध्ये ती नाण्यासारखी दिसते, म्हणून ‘नाणं गिळलंय बहुतेक’ असं म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. तसंच उठून हॉस्पिटल, आणि जिथे मुलांच्या दुर्बिणीची सोय आहे तिथेच. उलटी करवू नका. मूल वर्षावरचं असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध दिलेला चालतो, त्याने जळणं थोडं मंदावतं. पण मधासाठी निघायला उशीर नको. तुमच्या बाळाला मात्र मध नको, वर्षाच्या आत कशासाठीच नको, चाटवायलासुद्धा. बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल तर त्याला चांगली चिकटपट्टी गुंडाळा. इलेक्ट्रिक पणत्या यंदा आणू नका. खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात ते खेळण्यांना सक्तीचं आहे, जत्रेत मिळणाऱ्या शिट्टीच्या खेळण्यांवर मात्र ते सहसा दिसत नाही.

दागिन्यांचं थोडं नाजूक आहे. काळ्या मण्यांच्या मनगट्या, गळ्यातला काळा दोरा, ताईत, झबल्याला लावलेली सेफ्टी पिन. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही, पण दोरा तुटला की मणी तोंडात जातात आणि गळ्यातला दोरा पाळण्याच्या कडीत किंवा कठड्यात अडकू शकतो. दृष्टीसाठी काही हवंच असेल तर तळपायाला तीट लावा. काजळ डोळ्यांत नको. काही काजळांत शिसं निघतं. पाळण्यात दोरीने बांधलेली खेळणी नकोत. वर्षाच्या आत उशीही नको, राईचीसुद्धा. बाळाला उताणं झोपवायचं.

आता औषधं आणि विषं. सासू-सासरे सोबत आहेत म्हणजे घरात रोजच्या गोळ्या आहेत. बहुतेक घरांत त्या पलंगाशेजारच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा वारांच्या कप्प्यांच्या डबीत असतात. ती डबी बाळाला खुळखुळ्यासारखी वाटते. शुगरच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीला खाली आणू शकते, आणि हा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. बाळंतपणानंतर तुम्हाला दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या चॉकलेटसारख्या दिसतात; त्या मूठभर खाल्लेलं मूल फार आजारी पडतं. घरातली सगळी औषधं एका डब्यात, डबा कुलपात, कुलूप उंचावर. आजोबांना रोज तिथवर जाणं अवघड असेल तर त्यांची एका दिवसाची गोळी त्यांच्या हातात कोण देणार ते ठरवा. गोळी जमिनीवर पडली तर ती सापडेपर्यंत शोधायची. ‘जाऊ दे, दुसरी घेतो’ नाही. आणि मुलाला औषध पाजताना ‘गोळी म्हणजे चॉकलेट’ असं कधीच म्हणू नका.

देवघराकडे कुणी या नजरेने पाहत नाही. कापूर पांढरा, चौकोनी, खडीसाखरेसारखा, आणि देव्हारा जमिनीलगत असला की अगदी हाताशी. कापराच्या एक-दोन वड्याही लहान मुलाला पुरतात. पाच-दहा मिनिटांतसुद्धा फिट येऊ शकते. सर्दीला कापराची पोटली बाळाच्या गळ्यात बांधायची पद्धतही याच कारणासाठी सोडा. कापूर, काडेपेटी, समईचं तेल वरच्या फळीवर. निलगिरीचं तेलही तिथेच. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या तर फेकूनच द्या. काही मुलांना त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते, आणि आपल्या मुलात तो दोष आहे का हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

डासांच्या मशीनचं रिफिल जमिनीजवळच्या सॉकेटला लावलेलं असतं आणि फिरवलं की निघतं. त्यात कीटकनाशकाबरोबर रॉकेलच्या जातीचं तेल असतं. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर, हे रिफिल : यांतलं काहीही प्यायलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नाही, दूध नाही. धोका पोटात जाण्याने कमी आणि उलटी होताना ते फुप्फुसात उतरल्याने जास्त होतो. टॉयलेट क्लीनर, ड्रेनेज साफ करायची पावडर, फिनेल : सिंकखालच्या कपाटात, आणि त्या कपाटाला किटमधलं ते चुंबकाचं किंवा पट्टीचं कुलूप. किटमधल्या उपयोगाच्या दोन वस्तूंतली ही पहिली, सुटी मिळते. उंदराचं औषध घरात ठेवूच नका, विशेषतः टूथपेस्टसारख्या नळीत मिळणारं पिवळ्या फॉस्फरसचं. पोळीला लावून ओट्याखाली ठेवलेला तो तुकडा मुलाच्या हाती लागला तर दोन-तीन दिवस मूल बरं दिसतं आणि मग यकृत बंद पडतं. पिंजरा लावा.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात वाईट सवय : पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत अॅसिड, फिनेल, रॉकेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी भरून ठेवणं. मुलाला लेबल वाचता येत नाही, पण बाटली ओळखता येते.

चौथा मजला म्हणजे गॅलरी आणि खिडक्या आल्या. कठड्याच्या उभ्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी. आडव्या गजांचा कठडा असेल तर ती शिडीच आहे, त्याला आतून जाळी किंवा पारदर्शक पत्रा लावून घ्या. सरकत्या खिडकीची डासांची जाळी आणि कबुतरांची जाळी ही वजन पेलण्यासाठी नसते, मूल टेकलं की ती निघते. बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या ठेवल्या असतील तर त्या पायऱ्या होतात. खिडकीजवळून सोफा, पलंग, मोडा, स्टूल हलवा. दीड वर्षाच्या पोराचं चढणं तुम्हाला आधी कळत नाही, चढलेलं दिसतं. टीव्ही आणि उंच कपाट भिंतीला क्लॅम्पने अडकवा. ड्रॉवर उघडून त्यांवर पाय देत मुलं चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं.

वॉकर कुणी भेट दिला तर आभार मानून माळ्यावर टाका. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट थोडं उशिराच चालतं, आणि चाकांवर ते जिन्याच्या तोंडाशी किंवा ओट्याजवळ इतक्या वेगात पोचतं की आपण पोचू शकत नाही. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर सरळ बंदी घातली.

विजेबद्दल थोडक्यात. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच, वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. धक्का बसताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, नसेल तर बसवून घ्या. खालच्या बोर्डवर आतून पडदे असलेले सॉकेट मिळतात. टोप्यांपेक्षा ते बरे. फोन काढून घेतलेली चार्जरची वायर लोंबती आणि चालू ठेवू नका, तिचं टोक हमखास तोंडात जातं. पत्र्याचा कूलर असेल तर चालू असताना त्याला मूल शिवता कामा नये आणि अर्थिंग तपासल्याशिवाय सीझनला सुरू करू नका.

दारं : बोटं चेमटतात ती बहुतेक बिजागरीच्या बाजूला. तिथे आणि वरच्या कडेला बसणारा रबराचा स्टॉपर ही किटमधली दुसरी उपयोगाची वस्तू. आतल्या खालच्या कड्या काढून टाका, नाहीतर वर्षभरात बाळ स्वतःला बेडरूममध्ये कोंडून घेईल आणि तुम्ही बाहेरून ‘कडी काढ राजा’ म्हणत बसाल. लॅच असेल तर जादा किल्ली शेजाऱ्यांकडे. विळी मिटवून भिंतीला टांगलेली हवी, खलबत्त्याचा बत्ता ओट्याच्या काठावर नको.

दिवाळीचं गावचं घर हा वेगळा विषय आहे, कारण तिथे तुमची व्यवस्था नाही आणि माणसं भरपूर आहेत. पोचल्यावर चहा घ्यायच्या आधी एक फेरी मारा : अंगणातला हौद झाकलेला आहे का, आडाला झाकण आहे का, जनावरांच्या पाण्याचं टाकं कुठे आहे, जिन्याला कठडा आहे का, फवारणीची औषधं कुठे ठेवतात. ती औषधं गोठ्यात किंवा पडवीत कोनाड्यात असतात, बऱ्याचदा सुट्या बाटल्यांत. दिराला किंवा सासऱ्यांना सांगून ती त्याच दिवशी पेटीत कुलूपबंद करून घ्या. सुनेने सांगणं कठीण जात असेल तर नवऱ्याने सांगावं. माझा अनुभव असा की त्याचं लगेच ऐकलं जातं. नरकचतुर्दशीला पहाटे अंधारात बंब पेटलेला, कढत पाण्याच्या बादल्या रांगेत आणि उटणं लावलेली पोरं इकडून तिकडे पळताहेत : या एका तासासाठी बाळ कुणाच्या कडेवर राहणार हे आदल्या रात्री नाव घेऊन ठरवा. एका वेळी एकच नाव. पणत्या उंबऱ्यावर न ठेवता वर, फटाके लागतील तेव्हा बाळ घरात.

रात्री जमिनीवर अंथरूण नको. मण्यार जमिनीवर झोपलेल्यांना रात्री चावते, दंश कळतही नाही. सकाळी मूल पोट दुखतं म्हणतं, पापण्या जड पडतात. कॉट असेल तर कॉटवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. लाकडं-विटांच्या ढिगाशी बाळाला सोडू नका, कपडे आणि चपला झटकून घ्या. विंचू चावला तर तान्ह्या मुलाला ते मोठ्या माणसासारखं नुसत्या ठणक्यावर भागत नाही. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं की हृदयावर ताण येतोय असं समजा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन ही साधी गोळी वापरायची पद्धत घालून दिली आणि तिने असंख्य मुलं वाचली. मंत्र, चिरा, दोरी यांत वेळ न घालवता जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ते कुठे आहे आणि रात्री डॉक्टर असतात का, हे गेल्या गेल्याच विचारून ठेवा.

शेवटी एक कागद फ्रिजवर आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये : रुग्णवाहिकेसाठी १०८, विषबाधेची शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७, तो चोवीस तास चालतो, मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या हॉस्पिटलचं नाव, आणि बाळाचं आत्ताचं वजन, कारण प्रत्येक डोस वजनावर ठरतो आणि घाईत ते कुणालाच आठवत नाही. काही खाल्लं-प्यायल्याची शंका असेल तर येताना ती बाटली, स्ट्रिप, डबा, जे असेल ते सोबत आणा, रिकामं असलं तरी. स्ट्रिपमधल्या किती गोळ्या आधीच घेतलेल्या होत्या तेही आजोबांना विचारूनच निघा.